औषध संपलंय

२ एप्रिल

डायरी इंग्लिशमध्ये सुरू केली होती. दोन पानांतच कॉलेजचा प्रोजेक्ट रिपोर्ट वाटायला लागली, म्हणून फाडली. शाळा इंग्लिश, कॉलेज इंग्लिश, पण मनातल्या मनात कुणाला नावं ठेवायची असली की मी मराठीतच ठेवते. आणि इथे तेच करायचंय. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील. चुकू देत, कुणाला दाखवायचीये?

तर आजपासून माझं काम सुरू. नाव 'शेजार'. हिरवी कार्डं छापून आली, खाली ओळ आहे: 'शहरातल्या प्राण्यांसोबत, न मारता.' बाबांनी चष्मा नसल्यामुळे कार्ड हातभर लांब धरून वाचलं आणि म्हणाले, "फोन नंबर जरा मोठा हवा होता." बस, एवढंच. मुलगी आयुष्यातलं पहिलं काम सुरू करतेय आणि या माणसाला अक्षरांचा आकार दिसला.

बाबांचा धंदा एकदाच लिहून टाकते, म्हणजे परत लिहायला नको. पेस्ट कंट्रोल. पंचवीस वर्षं. पांढरी व्हॅन आणि तिच्यावर उताणं पडलेलं, पाय वर केलेलं, दात काढून हसणारं झुरळ. मेलेलं झुरळ हसेल कशाला, हा प्रश्न पंचवीस वर्षांत एकालाही पडला नाही. मला शाळेत सोडायला तीच व्हॅन यायची. सहावीत माझं नाव 'झुरळवाली' पडलं, मग मी दोन कोपरे आधीच उतरायला लागले. थोड्या दिवसांनी बाबा स्वतःहूनच तिथे थांबवायला लागले. त्यांना काही कळलं असेल असं नाही. तिथे पार्किंग बरं पडत असणार.

मी कोर्स केलाय. ऑनलाइन, अकरा व्हिडिओ, सर्टिफिकेटसकट. माझ्यासोबत कॉलेजातला दुर्बीण पण होता. (गळ्यात कायम दुर्बीण, दिसत मात्र काही नाही, बसस्टॉपसुद्धा.) नवव्या व्हिडिओत कुठल्या महिन्यात कुठलं काम करायचं नाही याचा मोठा तक्ता होता. पण तो बर्फाच्या देशातला, आपल्याला काय उपयोग? तो मी पुढे ढकलला. आपल्याकडे असा तक्ता कुणी बनवलेलाच नाही. बनवणार तरी कोण? झुरळवाले?

११ एप्रिल

पहिला फोन! एक विमा एजंट, पन्नाशीचे, पूर्ण टक्कल. त्यांच्या गेटवरच्या झाडात कावळ्याचं घरटं आहे आणि रोज सकाळी निघताना कावळा डोक्यावर टोच मारतो. त्यांना झाड तोडायचं होतं. मी लॅपटॉप घेऊन गेले आणि कावळ्यांची स्मरणशक्ती, चेहरे ओळखणं, कुटुंबपद्धती, सगळं चाळीस मिनिटं समजावलं. ते मध्येच म्हणाले, "ताई, तो हुशार आहे हे माझ्या टकलाला पटलंय. आता पुढे बोला."

गाढवापुढे वाचली गीता.

घरी येऊन आईला सांगत होते, तर बाबा पंप धुता धुता म्हणाले, "छत्री घेऊन जा म्हणावं. तीन आठवडे. पिल्लं उडाली की काका कोण नि कावळा कोण."

छत्री! अख्ख्या शास्त्राचं उत्तर छत्री. काही माणसांशी वाद घालणं म्हणजे भिंतीशी टेनिस खेळणं, दमतो आपणच.

१९ एप्रिल

विमावाले रस्त्यात भेटले. काळी छत्री उघडी, वर रणरणतं ऊन. मला हात केला आणि म्हणाले, "तुमच्या वडिलांना थँक्यू सांगा हं." म्हणजे आईने फोन करून सांगितलं त्यांना. आमच्या घरात प्रोफेशनल वागणं कुणालाच माहीत नाही.

आज स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर बघत होते. बाबा दर डिसेंबरला जुन्या कॅलेंडरवरच्या फुल्या नव्यावर उतरवतात. लाल, निळ्या, हिरव्या. टेबलावर पट्टी घेऊन, जीभ बाहेर काढून, तिसरीतल्या मुलासारखे बसतात. लाल फुल्यांची रांग उद्यापासून सुरू होते ती थेट जूनच्या शेवटापर्यंत. मी आईला विचारलं, या कसल्या? ती म्हणाली, "त्यांच्या कामाच्या. त्यांनाच विचार ना." मागच्या डिसेंबरात त्यांनी मला हाक मारली होती खरी, "ये, तुझ्या उपयोगाचं आहे." माझा तेव्हा वेबिनार होता.

मला वाटतं लाल म्हणजे मंदीचे दिवस. दर वर्षी या दिवसांत ते फोनवर लोकांना टाळताना मी ऐकलंय. धंदा नाही म्हणायची लाज वाटते, म्हणून फुल्या.

२७ एप्रिल

आज स्वतःच्या कानांनी ऐकलं.

बाबांना फोन आला, स्पीकर चालू होता (ते नेहमी स्पीकरवरच बोलतात, सगळ्या बिल्डिंगला कळलं पाहिजे ना). एक दातांची डॉक्टर होती. क्लिनिकच्या भिंतीत वटवाघळं आहेत, ती काढून हवीत. बाबांनी एक क्षण कॅलेंडरच्या दिशेने बघितलं आणि म्हणाले, "त्यांचं औषध संपलंय हो बाई."

"मग कधी येईल?"

"जुलैत. जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन करा, मी स्वतः येतो."

"एवढे दिवस? काय हो, साधं औषध ठेवता येत नाही?"

"काय करणार बाई, वरूनच माल येत नाही." आणि हसले. कसनुसे, ओशाळल्यासारखे.

वटवाघळांचं औषध नावाची वस्तूच नसते! जगात कुठेही नसते! नसलेली वस्तू संपली म्हणून सांगतात. आधी वाटलं यांना माहीतच नसेल. मग लक्षात आलं, सरळसरळ थाप. शिडीवर चढायचा कंटाळा, दुसरं काय. आयुष्यभर मारलं ते मारलंच, वर आळस, वर खोटं.

फोन टेबलावर ठेवून ते आंघोळीला गेले. मी नंबर उतरवून घेतला. याला कुणी पळवणं म्हणू शकत नाही. त्यांनी टाकलेलं मी उचललं.

२९ एप्रिल

क्लिनिक पाहून आले. दोन विंगांची बिल्डिंग, आणि विंगांच्या मध्ये तळापासून गच्चीपर्यंत एक उभी फट, तळहात जाईल एवढी. फट पत्र्याच्या पट्टीने झाकलेली, पण पहिल्या मजल्यावर, क्लिनिकच्या खिडकीजवळ पट्टी उचकटलीये. तिथून ये-जा चालते. खिडकीच्या कट्ट्यावर मिरीएवढ्या लेंड्यांचा थर. परफेक्ट केस.

डॉक्टरीणबाई पंचेचाळीसच्या. वेटिंगमध्ये प्लास्टिकची झाडं, त्यांच्यावर खरी धूळ. पेशंटच्या खुर्चीच्या मागेच ती भिंत. मी खुर्चीवर आडवी होऊन कान दिला तर आत चिकचिक, चिकचिक.

त्या म्हणाल्या, "मला त्यांचा काही राग नाही. पण तोंड उघडून पडलेल्या माणसाला मी कसं सांगू की हा आवाज मशीनचा नाही, भिंतीचा आहे? एक आजोबा अर्ध्या रूट कॅनलमधून उठून गेले." मग म्हणाल्या, "मारायचं नाही हं पण. त्या झुरळवाल्यांना म्हणूनच विचारताना मन खात होतं. नशीब, त्यांचं औषध संपलंय."

"त्यांचं काही खरं नसतं," मी म्हणाले.

"ओळखता?"

"ऐकून आहे."

मग मी एकतर्फी जाळीचं चित्र काढून दाखवलं. भोकावर जाळी वरून पक्की आणि खालून सैल बांधायची. संध्याकाळी वटवाघळं सरपटत खालून बाहेर पडतात, पण परत येताना थेट भोकावर येतात आणि त्यांना आत जाता येत नाही. दोन-तीन दिवसांत दुसरी जागा शोधतात. एकही जीव जात नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वा, किती साधं!" साधं असतंच. डोकं असलं की.

१ मे

बाबा दुसऱ्या गावी धान्याच्या गोदामाच्या कामाला गेले, सहा दिवस. जाताना दारात उभे राहून म्हणाले, "भिंतीतलं, फटीतलं काही काम आलं तर मी येईपर्यंत थांब. विचारून कर." मी मोबाईलवरून मान वर न करता हो म्हटलं. विचारून कर! कुणाला? औषध संपलंय खात्याला?

४ मे

झालं!!!

पंपवाले काका शिडी घेऊन आले होते. ते बाबांचे जुने मदतनीस, वीस वर्षं पाठीवर पंप. मी म्हटलं नुसती शिडी धरायचीये. दुपारी चारला सुरुवात केली. पट्टीच्या बाकीच्या सगळ्या फटी फोमने बुजवल्या आणि उचकटलेल्या जागी जाळी लावली, वर सहा स्क्रू, खाली मोकळी. 

सव्वासातला पहिलं बाहेर पडलं. जाळीवरून घसरत खाली आलं, एक क्षण लोंबकळलं आणि उडालं. मग रांगच लागली. त्र्याऐंशी! मी एकेक मोजलं. रडायला येत होतं. बाबांच्या पंचवीस वर्षांत असा एक दिवस आला असेल?

सगळी गेल्यावर काकांनी भिंतीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"ताई, सगळी गेली तर आत बोलतंय कोण?"

"मागे राहिलेली असतील. निघतील."

"आवाज बारीक आहे."

"काका, भिंतीतून बारीकच येणार ना."

"मालकांना फोन लावू का? नुसतं विचारतो."

"काय सांगणार ते? औषध संपलंय?"

काका हसले नाहीत. शिडी खांद्यावर घेऊन निघाले. वीस वर्षं विष फवारलेल्या माणसाला जिवंत आवाजाची सवय नसते, त्याची भीतीच वाटायची.

५ मे

फोटो टाकला. 'त्र्याऐंशी शेजारी सुखरूप स्थलांतरित. मृत्यू शून्य.' संध्याकाळपर्यंत चारशे लाइक्स. आईलाही पाठवला, तिने अंगठा पाठवला. आईचा अंगठा म्हणजे न उघडता पाठवलेला.

दुर्बीणचा मेसेज: 'भारी! पण पिल्लांची वेळ असते ना कुठलीतरी? चेक केलंस?' मी लिहिलं, 'आपल्याकडचा डेटाच नाही.' त्याला नोकरी लागलेली नाही, म्हणून शंका काढायला वेळ आहे.

संध्याकाळी बघून आले. अजून गेली नाहीत! तीस-चाळीस तरी भोकासमोर गोल गोल फिरतायत. काही जाळीलाच चिकटून बसली होती, तोंड जाळीच्या डोळ्यांत खुपसून. एक तर सारखं उठायचं, परत तिथेच आपटायचं. खालून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, "काय झालंय त्यांना?" मी सांगितलं, सवय आहे, मोडायला वेळ लागतो. काही जण बदलच स्वीकारत नाहीत. आमच्याकडे घरातच आहे एक नमुना.

कालपेक्षा आतला आवाज जास्त होता. भिंत रिकामी झाल्यामुळे घुमत असणार.

६ मे, सकाळ

डॉक्टरीणबाईंचा फोन. जरा तक्रारीचा सूर. काल दिवसभर भिंत ओरडत होती, दोन पेशंट परत पाठवले. आज मात्र आवाज बराच कमी झालाय. मी म्हटलं, बघा, काम होतंय! मग म्हणाल्या, सकाळी सफाईवालीला कट्ट्यावर उंदराची पिल्लं सापडली, गुलाबी, बिनकेसांची, चार-पाच. तिने झाडून खाली टाकली. मी नम्रपणे सांगितलं की उंदीर आमच्या सर्व्हिसमध्ये येत नाहीत.

खाली व्हॅनचा आवाज. गोदामाचं काम एक दिवस आधी आटोपलं वाटतं. आता दाखवते फोटो.

६ मे, नंतर

जसं झालं तसं लिहिते.

बाबा चहा घेत होते. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितला, दोन बोटांनी मोठा केला. मला वाटलं स्क्रू बघतायत.

"कधी लावलीस?"

"चार तारखेला. त्र्याऐंशी बाहेर, एकही..."

"आतून आवाज येतोय?"

"येत होता. आता कमी झालाय."

त्यांनी कप ठेवला. ओरडतील असं वाटलं, पण ते उठून दारामागच्या कॅलेंडरपाशी गेले आणि लाल फुल्यांवरून बोट फिरवत आजच्या तारखेवर थांबले, जणू त्यांना पाठ नव्हतं. मग मला म्हणाले, "ही त्यांची पिल्लांची वेळ आहे, बाळ. आया बाहेर आहेत. पिल्लं उडत नाहीत." आणि आईला म्हणाले, "जुना खरखरीत टॉवेल दे. आणि बुटांचं खोकं."

मला सगळं एकदम कळलं. काकांचा कान. जाळीत खुपसलेली तोंडं. उंदराची पिल्लं. मी उभ्या उभ्या भिंतीला टेकले तर आई म्हणाली, "आता नाही. आधी जा."

व्हॅनमध्ये काका मागे शिडी धरून. क्लिनिकच्या दोन कोपरे अलीकडे बाबांनी व्हॅन बाजूला घेतली. मला वाटलं पेट्रोल संपलं.

"तू इथून चालत पुढे हो. आम्ही मागून येतो."

"का?"

"तुझी क्लायंट आहे ती." आणि समोर बघत राहिले. बॉनेटवरच्या झुरळाचे पाय काचेतून दिसत होते.

तिथे पार्किंग नव्हतं. शाळेपाशीच्या त्या कोपऱ्यावरही नव्हतं, आत्ता आठवलं.

"दारात घ्या, बाबा," मी म्हणाले. "दारात घ्या ना."

शिडीवर तेच चढले. हातमोजे घालून सहा स्क्रू काढले, फोमही सगळा खरवडून काढला. जाळी खाली टाकली ती माझ्या पायाशी पडली. खाली झुडपात आणि कट्ट्याच्या कडेला आम्ही तिघं शोधत होतो. एकोणीस सापडली. अंगठ्याच्या पेराएवढी. बारा गेली होती. सात हलत होती, नुसती तोंडं उघडत होती, आवाजसुद्धा निघत नव्हता. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, खोक्यात बघितलं, काही न विचारता आत गेल्या आणि कापसाची गुंडाळी घेऊन आल्या.

संध्याकाळपर्यंत थांबायचं होतं. बाबांनी टॉवेल भोकाखाली लटकवला आणि सातही पिल्लं एकेक करून त्याला चिकटवली. टॉवेलच्या गुठळ्यांना ती पकडून बसली. "आया येतील?" मी विचारलं. "जिची असेल ती येईल," म्हणाले, "तिला वास कळतो." आणि मला हात धुवून यायला सांगितलं. मी आधीच दोनदा धुतले होते.

साडेसातला पहिली आली. दोन घिरट्या घातल्या, तिसऱ्या वेळी सरळ भोकात शिरली. मग दुसरी. मग मोजता येईनात. टॉवेलवर एक आली, पिल्लापाशी सरकली, पंखाखाली घेतलं आणि उचलून आत. सातातली पाच गेली. दोन तशीच राहिली, टॉवेलला धरून. त्यांना न्यायला कुणी आलं नाही.

आम्ही क्लिनिकमध्ये भिंतीला कान लावून उभे होतो, चौघंही, डॉक्टरीणबाईसुद्धा ॲप्रनवर. आत चिकचिक वाढत गेली. खूप वाढली. आणि मग हळूहळू थांबली. पूर्ण.

"मेली," मी म्हणाले.

"नाही," बाबा म्हणाले. "पितायत."

७ मे

एक राहिलं लिहायचं.

निघताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "म्हणजे आता परत जैसे थे? तुम्ही काढायला आला होतात ना?" मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा पुढे झाले. "जाळी खराब निघाली बाई. आमचीच चूक. नवी मागवलीये, जुलैत येईल."

"जुलैत औषध, जुलैत जाळी. तुमचं सगळं जुलैतच येतं का हो?" त्या वैतागल्या होत्या, साहजिकच. मग माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीने बघितलं. नाक एकच आहे आमचं. "हे... वडील का तुमचे?"

"हो," मी म्हणाले.

परत येताना व्हॅनमध्ये मी विचारलं, खरं का नाही सांगत लोकांना? पिल्लं आहेत, दोन महिने थांबा, एवढंच तर आहे.

"पहिली काही वर्षं सांगितलं," बाबा म्हणाले. "दया सांगितली की लोक हो हो म्हणतात आणि दुसऱ्याला बोलावतात. औषध संपलं म्हटलं की वाट बघतात."

"आणि तुम्हाला मूर्ख समजतात."

"समजू दे की. त्याने कुणाचं पोट दुखतंय?"

थोड्या वेळाने मी विचारलं, कॅलेंडरवर पहिली लाल फुली कधी पडली?

त्यांनी गिअर बदलला. "पहिल्या वर्षी."

"कशी?"

"तशीच," ते म्हणाले.

मागून काका खोकले.

पोस्ट काढून टाकली. आधी वाटलं सगळं खरं लिहावं, लिहिलंही. वाचलं तर त्यातही मी किती प्रामाणिक आहे हेच दिसत होतं. तेही काढलं. चारशे एकोणनव्वद लाइक्स झाले होते, मृत्यू शून्यला.

खोकं मी पुरलं. चौदा. बाबांनी जागा दाखवली, बाकी काही नाही.

१८ मे

अकरा दिवस काहीच लिहिलं नाही. स्वतःला नावं ठेवायला गेलं की मराठीही कमी पडते.

आज कॅलेंडर उतरवून टेबलावर घेतलं. बाबा चष्मा लावून शेजारी बसले. लाल म्हणजे फटीतली वटवाघळं. निळी कावळ्यांची, म्हणजे छत्रीची. हिरवी मुंगसांची, त्या दिवसांत पडकं कुंपण, दगडांचे ढीग हलवायचे नाहीत. काही फुल्यांना बाजूला टिंब आहे, म्हणजे त्या वर्षी दोन आठवडे उशीर झाला होता. पंचवीस वर्षांच्या चुका आहेत, दर डिसेंबरला स्वच्छ अक्षरात उतरवलेल्या. अकरा व्हिडिओंत एवढं नव्हतं. मी म्हटलं, हे छापायला हवं. ते म्हणाले, "आधी पाठ कर."

दुर्बीणला फोन केला आणि म्हटलं, तुझी शंका बरोबर होती. तो मग म्हणाला, "तू बरी आहेस ना?" चांगला मुलगा आहे तसा. बस मात्र आजही चुकली होती त्याची.

३० मे

संध्याकाळी क्लिनिकवरून गेले. खाली उभं राहून मोजलं. शंभरच्या वर बाहेर पडली, त्यात काही अगदी वेडीवाकडी उडणारी, भिंतीवर आपटता आपटता सावरणारी. वर खिडकीत डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. त्यांनी मला पाहिलं. हात केला नाही, खिडकी पण लावली नाही. खुर्ची दुसऱ्या भिंतीकडे सरकवलेली दिसली.

घरी येऊन बूट काढते तोच फोन. कार्डवरचा नंबर कसाबसा वाचता आला म्हणे त्यांना. एका ऑफिसचे मॅनेजर. बोर्डाच्या मागे वटवाघळं, उद्याच्या उद्या काढा, साहेब येणार आहेत.

मी दारामागे बघितलं. लाल.

सांगायला खूप होतं. ती वर्षाला एकच पिल्लू देतात, ते किती मोठं असतं, किती हलकं असतं, हातात घेतल्यावर कसं वाटतं. सगळं जिभेवर आलं होतं. नवी जाळी, अख्खा गुंडाळा, पायाशी पडला होता.

"जाळी संपलीये हो," मी म्हणाले.

"संपली? कधी मिळेल?"

"जुलैत. पहिल्या आठवड्यात मी स्वतः येते."

"कमाल आहे! साधी जाळी ठेवता येत नाही? कसला धंदा करता तुम्ही?"

"काय करणार, साहेब. वरूनच माल येत नाही."

त्यांनी फोन ठेवताना पलीकडे कुणाला तरी सांगितलेलं स्पष्ट ऐकू आलं: "एकदम बावळट बाई आहे. पण म्हणतेय येईन. थांबू जुलैपर्यंत."

बाबा पंप धूत होते. पाणी बंद केलं त्यांनी क्षणभर. मग परत चालू केलं.